दानाचा वाटा: ‘स्मृतिचित्रे’ आणि ख्रिस्ती औदार्य

पानिपतचे उर्दू कवी अल्ताफ हुसेन हाली (१८३७–१९१४) यांनी ‘मुसद्दस’मध्ये (१८७९) समाजातील धनिकांना त्यांच्या कर्तव्याची जाणीव करून दिली. धनवान का देत नाहीत, हा तेथील प्रश्न. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४–३७) निराळाच प्रश्न उभा राहतो: जवळ फारसे नसताना जो देतो, तो कोणाचे देतो?

ना. वा. टिळकांचा उदार स्वभाव धर्मांतरापूर्वीचाच. १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतर त्याला ख्रिस्ती शिकवणीचे अधिष्ठान लाभले, आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवाही सोडली. मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत मंदिराच्या भांडारात दोन नाणी टाकणारी विधवा श्रीमंतांहून श्रेष्ठ ठरते. कारण ते आपल्या विपुलतेतून देतात, ती सारी उपजीविका देते. परंतु ती उपजीविका तिची एकटीची होती. टिळकांच्या दानात पत्नीचा व मुलांचाही वाटा होता आणि त्यांची संमती बहुधा गृहीतच धरलेली असे.

लक्ष्मीबाई याची तक्रार करीत नाहीत. त्या नवऱ्याच्या भोळेपणाला हसतात, पण घरातील ओढाताण झाकत नाहीत. स्वतः त्यांनीही परक्या मुलांना मायेने आसरा दिला; म्हणून त्यांच्या विनोदाला कृपणतेचा वास येत नाही. दात्याच्या हेतूबरोबरच दानाची झळ कोणाला लागते हेही पाहिले पाहिजे, ही दृष्टी ‘स्मृतिचित्रे’ने ख्रिस्ती दानविचाराला दिली. ती प्रवचनातून नव्हे, संसारातून आली आहे.