मेंढीची टोपी आणि वऱ्हाडचा कापूस

स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर २०१० पासून दरवर्षी लोकर सप्ताह भरतो. त्यासाठी दरवर्षी एका टोपीचा नमुना विनामूल्य दिला जातो. जगभरचे विणणारे ती विणतात आणि सप्ताहाला जाणारे अनेकजण तीच घालून जातात. २०१५ची डोना स्मिथ यांची 'बा-बल' आणि २०१६ची एला गॉर्डन यांची 'क्रॉफ्टहूस' या दोन मला महत्त्वाच्या वाटतात. पहिलीत डोक्याभोवती मेंढ्यांची रांग आहे, दुसरीत छोट्या शेतकऱ्यांच्या घरांची. 'बा-बल' या नावात मेंढीचं बेंबें आहे आणि टोपीवरचा गोंडाही.

दोन्ही देखण्या आहेत, तरी माझ्या मते पहिली सरस. घरांची रांग सुती रुमालावर भरली असती तरी शोभली असती. मेंढ्यांची रांग मात्र मेंढीच्याच लोकरीत आहे. विषय आणि साहित्य एकच. शिवाय ही पद्धतच लोकरीची. एका ओळीत दोन रंग चालतात आणि ज्या रंगाची पाळी नसते तो धागा मागून सुटा जातो. लोकरीचे तंतू खरखरीत, एकमेकांना धरून ठेवणारे, त्यामुळे तो धागा लोंबत नाही. मागच्या धाग्यांनी टोपी दुपदरी होते, बेटांवरचा वारा अडतो. थंडीनेच ही वीण घडवली आहे.

आपल्याकडे अशी टोपी करायची म्हटली की आधी पळसाचं फूल सुचतं, मग मेळघाटचा वाघ. मीही असे नमुने चौकटीच्या वहीत काढले आहेत. दिसतात छान. पण विणायचे कशात? दुकानात आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेकदा ॲक्रिलिक असते. तिचा मेंढीशी संबंध नाही आणि अमरावती-अकोल्याशी तर नाहीच. मग पळस राहतो तो नुसता शिक्का.

इथला धागा कापसाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५ दरम्यान, लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. पुढे इथेही गिरण्या आल्या, त्यातल्या बऱ्याच बंद पडल्या. कापूस मात्र गाठी बांधून बाहेर जातच राहिला. वऱ्हाडच्या नावाने टोपी करायची आणि तिच्यात हा कापूसच नाही, हे मला पटत नाही.

पण सुती धागा गुळगुळीत, जड आणि कमी ताणणारा. मागे सोडलेला धागा त्यात सैल पडतो, बोटात अडकतो. आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या अकोल्यात दुपदरी टोपी घालणार कोण? म्हणून शेटलंडची वीण उचलण्यापेक्षा तिचा विचार घ्यावा. एका ओळीत एकच रंग, आडवे पट्टे, एकपदरी सैल वीण. काठाला काळ्या जमिनीचा रंग, त्यावर पऱ्हाटीचा हिरवा आणि माथ्यावर न रंगवलेला, बोंडातून निघाला तसा पांढरा धागा. त्यावर कापसाचं चित्र काढायची मग गरजच उरत नाही.