‘स्मृतिचित्रे’तील देव

भात कापून खळ्यावर आले की आमच्या भागात दिवाळी खरी वाटू लागते. पालघर आणि बोईसर यांच्या मधले उमरोळी हे आमचे लहानसे स्टेशन. पण या लहानशा टापूने गेल्या साठ वर्षांत किती उलथापालथी पाहिल्या! १९६९ साली तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे त्याच केंद्राच्या वाढीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे आपल्या जागेवरून उठली. बोईसरला कारखाने आले. २०१३ साली मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली, २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २०२४ साली वाढवण बंदराचा पायाभरणी समारंभ झाला. कुठे रुळांसाठी, कुठे रस्त्यासाठी शेतांत खुणेचे दगड पडतात. आणि पुढे काय होणार, असे कोणी विचारले तर घरातले वडीलधारे माणूस एवढेच म्हणते, ‘देव आहे ना!’

या तीन शब्दांचा नेमका अर्थ काय? हात जोडून स्वस्थ बसावे, हा एक. आणि देव आहे, म्हणूनच आपण घाबरून हातचे काम टाकू नये, हा दुसरा. उच्चार एकच असला तरी आशयात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हे अंतर एखाद्या तात्त्विक ग्रंथापेक्षा एका घरगुती पुस्तकात मला अधिक स्वच्छ दिसले. ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ सालापासून ते भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले, आणि मराठी घरांतून आजही ते मोठ्याने वाचले जाते. दिवाळीच्या फराळानंतर चार माणसे एकत्र बसून वाचतील अशी जी थोडी पुस्तके आपल्यापाशी आहेत, त्यांत त्याचे स्थान वरचे आहे.

या पुस्तकाच्या जन्माची कथाच मोठी गमतीची आहे. चिरंजीव देवदत्तांना वडिलांचे, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांचे, चरित्र लिहायचे होते; त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, एवढीच मूळ मागणी. आईने आठवणी लिहिल्या त्या टिळकांच्याच. पण लिहिता लिहिता चित्र उमटले ते तिचे स्वतःचे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या या बाईने मराठीला तिचे एक श्रेष्ठ आत्मचरित्र दिले, आणि तेही आपण काही मोठे करीत आहोत याचा गंधही लागू न देता.

कथेचा सांगाडा सर्वांना ठाऊक आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांना एक युरोपीय गृहस्थ भेटले आणि त्यांनी बायबलची प्रत दिली. दोन वर्षांनी, १८९५ साली, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. सोवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. नवरा जिवंत असून दुरावला. पदरी लहान मूल. माहेर-सासरची माणसे हळहळणारी, पण हतबल. काही काळ त्या पंढरपुरास नातलगांकडे राहिल्या, प्रत्यक्ष विठोबाच्या गावात! पुढे आपले सोवळे सांभाळून त्या पतीच्या गावी येऊन राहिल्या. आणि बाप्तिस्म्याला पाच वर्षे लोटल्यावर त्यांनी स्वतःही तो धर्म स्वीकारला.

येथे समीक्षकांची एक वाट ठरून गेली आहे. पतिनिष्ठ स्त्री नवऱ्यामागून गेली, असे या कथेचे सार काढले जाते. १९५० साली निघालेल्या इंग्रजी भाषांतराला तर ‘मी मागून येते’ अशा अर्थाचेच नाव मिळाले. मला हे वाचन अपुरे वाटते. लक्ष्मीबाई मागून गेल्या असत्या तर १८९५ सालीच गेल्या असत्या. मधली पाच वर्षे हीच या पुस्तकाची खरी कणखर जागा आहे. नवऱ्याचा देव त्यांनी नवऱ्याच्या शब्दावर घेतला नाही. जातिभेद देवाने केलेला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपल्याच मनाशी घोळवला. त्याचा उलगडा झाला तेव्हा आधी त्यांचे सोवळे सुटले आणि मग धर्मांतर घडले. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. दुसऱ्याच्या भरवशावर घेतलेला देव अडचणीच्या वेळी दुसऱ्याकडेच पाहतो, हे जणू या अल्पशिक्षित बाईला उपजत कळले होते.

टिळकांचा देवावरील भरवसा आणि लक्ष्मीबाईंचा भरवसा यांची जात निराळी आहे. आणि या दोहोंची रोजची टक्कर हाच ‘स्मृतिचित्रे’तील विनोदाचा झरा आहे. टिळक हाती आलेला पैसा देऊन टाकतात, घरात परकी मुले आणतात, नोकरी सोडून मोकळे होतात. उद्याची चिंता देवाने करावी! तुकोबांच्या भक्तीनेच आपल्याला ख्रिस्ताकडे आणले असे मानणारा हा कवी, संसाराच्या बाबतीतही बराचसा तुकोबांच्याच वळणाचा. आणि देवाने करावयाची ती चिंता प्रत्यक्षात करते कोण? तर लक्ष्मीबाई! डब्यात तांदूळ किती, येणारी पाने किती, हा हिशेब त्यांच्याकडे. देव देतो यावर त्यांचाही विश्वास आहे; पण देवाने दिलेले निवडावे लागते, शिजवावे लागते आणि पुरवून वाढावे लागते, हे त्या क्षणभरही विसरत नाहीत.

आता या पुस्तकाच्या कलेविषयी थोडे. धर्मांतराच्या पुष्कळ कथांत शेवट आधीच ठरलेला असतो. लेखक प्रकाशात उभा राहून मागच्या अंधाराकडे पाहतो, आणि त्यामुळे तो अंधार खोटा वाटू लागतो. लक्ष्मीबाईंनी असे केलेले नाही. सोवळे पाळणारी लक्ष्मी त्यांनी सोवळ्यातल्याच मनाने रंगवली आहे. पुढे आपण ते सोडणार आहोत, हे तिला ठाऊक नाही. तिचा संताप, तिचे रडणे, तिची भाबडी समजूत या साऱ्यांना त्या त्या क्षणाचा पुरा मान मिळतो. नवऱ्याला त्या अखेरपर्यंत ‘टिळक’ म्हणतात. त्या एका शब्दात आदर, थोडी थट्टा आणि बरेचसे अंतर एकत्र नांदते. अनिश्चिततेतल्या श्रद्धेचे चित्र खरे उतरायचे तर लेखकाने ती अनिश्चितता पुन्हा एकदा जगावी लागते. लक्ष्मीबाईंनी ती जगून दाखवली आहे, आणि तरी त्या हसू शकल्या आहेत.

याच हसण्यापाशी मात्र माझी एक तक्रार आहे. टिळकांच्या बेफिकिरीवर लक्ष्मीबाई इतक्या सहजपणे विनोदाची शाल पांघरतात, की शालीखालचा उपवास वाचकाच्या नजरेआड होतो. आपण पोट धरून हसतो आणि त्या रात्री घरात काय शिजले असेल, हे विचारायचे राहून जाते. क्षमा हा मोठा गुण खरा. परंतु काही जागी तो चित्राचे रंग फिके करतो. शेवटच्या भागालाही आधीची झळाळी नाही. लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या, आणि उरलेली कथा पुरी करण्याचे काम देवदत्तांकडे आले. ते त्यांनी निष्ठेने केले. पण आईचा सूर त्यांना कोठून मिळावा?

हे उणे जमेस धरूनही पुस्तकाचा ठसा पुसत नाही. आणि त्याचे उत्तम प्रमाण पुस्तकाबाहेर सापडते. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनीच. नवऱ्याने आरंभलेले आणि अर्ध्यावर सोडलेले काम आपले मानून उचलायचे, हीच त्यांची आयुष्यभराची प्रार्थना होती असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

म्हणून ‘देव आहे ना!’ हे शब्द ऐकले की मला अलीकडे लक्ष्मीबाई आठवतात. पोफरण-अक्करपट्टीची माणसे आपली घरे सोडून निघाली, तेव्हा त्यांतल्या कितीजणांनी देव्हारा आधी बांधला असेल! त्यांच्या त्या श्रद्धेला कोणी हसू नये. पण देवाचे नाव घेऊन त्यांना गप्प बसवू पाहणाराला ‘स्मृतिचित्रे’ हेच सडेतोड उत्तर आहे. देव्हारा बांधावा, आणि त्याच गाठोड्यात सातबाराचा कागदही नीट घडी घालून ठेवावा. नव्या जागी दिवा लावावा, आणि तेथे विहिरीला पाणी आहे की नाही, हेही विचारावे. यात अश्रद्धा नाही. उलट, देवाने आपल्याला दोन हात आणि एक जीभ दिली ती वापरण्यासाठीच, यावरचा तो पक्का विश्वास आहे.

यंदा फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की घरातल्या कोणाला तरी ‘स्मृतिचित्रे’ची पाने मोठ्याने वाचायला सांगावी. लहान मुले हसतील ती टिळकांच्या गमतींना. थोरांनी हसता हसता त्या बाईच्या हातांकडे लक्ष ठेवावे. सगळा वेळ ते कामात आहेत.