मुक्तस्रोत युनिक्ससदृश संगणकप्रणाली : उपयोगानुसार निवडीचा प्रश्न

मुक्तस्रोत प्रणालींची शिफारस पुष्कळदा त्या विनामूल्य मिळतात एवढ्याच आधारावर केली जाते. देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयास खर्चाची बाब गौण नाही, हे मान्यच. तथापि प्रणालीला सुरक्षा-दुरुस्ती किती वर्षे मिळणार आणि तिची देखभाल कोण करणार, हे प्रश्न अधिक निर्णायक होत. 'सेंटओएस'चे उदाहरण बोलके आहे. तिच्या आठव्या आवृत्तीची मुदत २०२९ पर्यंत अपेक्षित होती. डिसेंबर २०२०मध्ये ती २०२१च्या अखेरीस संपेल असे जाहीर झाले. त्या भरवशावर सर्व्हर उभारणाऱ्यांना वर्षभरात स्थलांतर करावे लागले. एका कंपनीच्या धोरणावर विसंबलेली प्रणाली आणि 'डेबियन'सारखी स्वयंसेवकांच्या समुदायाने चालविलेली प्रणाली यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

ग्रंथालयाचा निर्णय त्यामानाने सोपा आहे. न्यूझीलंडमध्ये निर्माण झालेली व २०००पासून वापरात असलेली 'कोहा' ही ग्रंथालयप्रणाली डेबियन कुळावर तयार पॅकेजांच्या रूपात मिळते. तेथे अन्य प्रणालीचा आग्रह धरणे म्हणजे हौस होय. मोठ्या साठवणीसाठी झेडएफएसयुक्त 'फ्रीबीएसडी' आणि जाळ्याच्या प्रवेशद्वारी 'पीएफ' फायरवॉल असलेली 'ओपनबीएसडी' या प्रणाली गुणवत्तेत सरस आहेत. मात्र त्या जाणणारा कर्मचारी गावात मिळेलच असे नाही. प्रयोगशाळेतील जुन्या ३२-बिट यंत्रांवर २०२५मधील डेबियन १३ नव्याने बसविता येत नाही. 'नेटबीएसडी' तेथे अद्याप चालते, आणि प्रणालीची अंतर्गत रचना शिकविण्यास ती उत्तम. कार्यालयीन कामास तिची शिफारस करणे धाडसाचे ठरेल.

खरी अडचण कार्यालयात उद्भवते. सी-डॅकने २००७मध्ये डेबियनच्या आधारे 'बॉस' ही भारतीय भाषांसाठीची प्रणाली आणली. युनिकोड व इन्स्क्रिप्ट कळफलक यांमुळे कोणत्याही प्रचलित लिनक्सवर आज मराठी टंकलेखन सुलभ आहे. परंतु जुनी इतिवृत्ते व पत्रव्यवहार बहुधा युनिकोडपूर्व फाँटांत असतात. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी चिन्हे बसविलेली असल्याने तो फाँट नसेल तर मजकूर निरर्थक दिसतो. तुलनात्मक कोष्टकांत वेग, स्मृती, परवाना असे रकाने असतात. या दप्तराचा रकाना नसतो. रूपांतरणाची साधने जोडाक्षरांत चुका करतात, म्हणून रूपांतरित प्रत मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावी लागते. हे काम जुने यंत्र चालू आहे तोवरच, प्रणाली बदलण्यापूर्वी, हाती घेणे आवश्यक आहे.