यजमान नसलेला ताल

ढोलाच्या तालाने माणूस बरा होतो का, असं हल्ली बरेचदा विचारलं जातं. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: तो ताल कोणासाठी धरला आहे, आणि वाजवणाऱ्याची नजर कुणावर आहे?

इटलीच्या दक्षिण टोकाला सालेंतो नावाचा प्रदेश आहे. कापणीच्या आणि तंबाखूच्या दिवसांत, जूनच्या सुमाराला, तिथल्या शेतमजूर बायका ‘तारांता’ कोळी चावला म्हणून अंथरुणाला खिळत. मग घरी वाजंत्री येत. व्हायोलिन, गिटार, अ‍ॅकॉर्डियन आणि आपल्या खंजिरीसारखं झांजा लावलेलं तांबुरेल्लो. जमिनीवर पांढरी चादर अंथरायची, रंगीत फिती ठेवायच्या. बाई आधी पडल्या पडल्या हलायची, मग उठून नाचायची, कधी कधी दिवसचे दिवस. चाव्यापासून वाचवणाऱ्या संत पॉलची कृपा झाली, असं तिला वाटेपर्यंत. २९ जूनला त्याच्या सणाला गालातिना गावच्या छोट्या प्रार्थनाघरात जायचं.

१९५९ च्या उन्हाळ्यात इटालियन मानववंशशास्त्रज्ञ एर्नेस्तो दे मार्तिनो तिथे गेले. सोबत मनोविकारतज्ज्ञ होते, संगीताचे अभ्यासक दिएगो कार्पितेल्ला होते. १९६१ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नाव ‘ला तेर्रा देल रिमोर्सो’. ‘रिमोर्सो’ म्हणजे पश्चात्ताप, आणि त्याच शब्दात ‘पुन्हा चावणं’ही दडलेलं आहे. दरवर्षी ठरल्या दिवसांत परत येणारा हा आजार विषाने उलगडत नव्हता. मनाविरुद्धचं लग्न, मोडलेलं प्रेम, घरातला मृत्यू, ज्याबद्दल तोंड उघडायची सोय नव्हती ते सगळं त्या चाव्याच्या नावाने बाहेर येत होतं.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नार्दो गावचा न्हावी, लुईजी स्तिफानी. तो व्हायोलिन वाजवायचा. एक चाल धरायची, बाईचं अंग दाद देतं का ते बघायचं, नाही दिली तर दुसरी. कुठल्या सुराला तिचा पाय हलेल, हे शोधणं हीच त्याची विद्या. आपल्याकडच्या ‘अंगात येणं’ आणि ‘वारं येणं’ या शब्दांत जी गोष्ट एका क्षणात घडल्यासारखी वाटते, तिच्यामागे अशी चिकाटीची ऐकण्याची मेहनत असते.

फ्रेंच संगीतशास्त्रज्ञ जिल्बेर रूजे यांनी १९८० च्या ग्रंथात ढोलाचे ठोके मेंदूवर यांत्रिकपणे काम करतात, हे मत खोडून काढलं. तोच ढोल एका समाजात भान हरपवतो, दुसऱ्यात नुसता नाच घडवतो. सायबेरियातला शामान, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणारा विधीकर्ता, स्वतः वाजवतो, संचार होणाऱ्या माणसासाठी मात्र बहुधा दुसराच वाजवतो, हा भेदही त्यांनी दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत मानववंशशास्त्रज्ञ मायकेल हार्नर यांचं ‘द वे ऑफ द शामान’ आलं आणि एकसुरी, वेगवान ढोलकाम कुणालाही शिकता येईल असं तंत्र झालं. आजच्या कार्यशाळा त्याच वाटेने चालल्या आहेत. तिथे माणसांना विसावा मिळत असेल, ते मी नाकारत नाही. पण सगळ्यांसाठी एकच ठेका वाजतो, तिथे स्तिफानीला काही कामच नाही.

सालेंतोत आता बायकांना तारांता चावत नाही. गरिबी सरली, औषधं आली, हे चांगलंच झालं. मनाच्या आजाराला डॉक्टर हवा. संगीत मात्र फोफावलं. १९९८ पासून ‘नोत्ते देल्ला तारांता’ हा महोत्सव भरतो. २००३ मध्ये ‘द पोलीस’ बँडचे ढोलवादक स्ट्युअर्ट कोपलंड त्याचे सूत्रधार होते. तिथल्या मेल्पिन्यानो गावात ऑगस्टच्या रात्री लाखभर माणसं नाचतात. वादक तयारीचे आहेत, ठेका झणझणीत आहे. पण चाल बदलायची ती मांडणीनुसार. कुणा एकीचा पाय हलला नाही म्हणून कोणी थांबत नाही.

कोरियात चित्र वेगळं आहे. १९७० च्या दशकात ‘अंधश्रद्धा’ म्हणून ज्यांच्यामागे पोलीस लागत, त्याच शामान-स्त्रियांपैकी किम गुम-ह्वा यांना १९८५ मध्ये राष्ट्रीय वारशाच्या धारक म्हणून मान मिळाला. त्यांचा ‘गुत’ विधी परदेशी मंचांवर गेला, आणि तरी २०१९ मध्ये त्या वारल्या तोवर दुःख घेऊन माणसं त्यांच्याकडे येतच होती. मंचावरचा गुत जिवंत राहिला तो या येणाऱ्यांच्या बळावर, असं माझं मत आहे.

ताल कोणासाठी धरायचा, हे आपल्याकडच्या गोंधळ्याला सांगावं लागणार नाही. तो संबळ घेऊन उभा राहतो तेव्हा समोर ज्यांच्या घरचं कार्य आहे ती माणसं बसलेली असतात, आणि त्यांच्याच कुळदैवताला तो आवतण देतो.