निरीक्षण आणि अन्वयार्थ : कॅनरच्या निबंधातील एक परिच्छेद

लिओ कॅनर याने १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याला ऑटिझमच्या अभ्यासात मूलग्रंथाचे स्थान आहे. मूलग्रंथाच्या वाट्याला आदर येतो, फेरवाचन क्वचितच येते. या निबंधातील मुलांच्या भीतीविषयीचा परिच्छेद मात्र तसे फेरवाचन मागणारा आहे.

कॅनरची दृष्टी सूक्ष्म होती, यात शंका नाही. व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, झोका, वाहते पाणी, प्रसंगी वारासुद्धा या मुलांना भयव्याकूळ करी. एक मूल तर व्हॅक्यूम क्लीनर ठेवलेल्या कपाटाजवळ जाण्यासही धजत नसे. इतका तपशील नोंदवून कॅनर लगेच सांगतो की, ही भीती आवाजाची वा हालचालीची नव्हेच. मुलाच्या एकाकीपणावर होणारे अतिक्रमण त्याला असह्य होते. प्रमाण कोणते? तर तेच मूल स्वतः तेवढाच मोठा आवाज आनंदाने करते.

हे प्रमाण लंगडे आहे. स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, म्हणून त्वचेला स्पर्शच कळत नाही असे कोणी म्हणत नाही. स्वतः केलेला आवाज केव्हा सुरू होणार आणि केव्हा थांबणार हे करणाऱ्यास ठाऊक असते; परका आवाज अवचित अंगावर कोसळतो. कॅनरने पाहिले ते खरे, परंतु त्यावरून संवेदनेची पीडा वगळता येत नाही. वर्णन कानाविषयी बोलते आणि भाष्य स्वभावाविषयी.

पुढील उपेक्षेचे सारे खापर कॅनरच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. ऑर्निट्झ व रिट्व्हो यांनी १९६८ मध्येच संवेदनग्रहणातील अस्थिरतेला मध्यवर्ती स्थान दिले होते. तरीही अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत तीव्र वा मंद संवेदनप्रतिसाद हा स्वतंत्र निकष नव्हता; तो २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत आला. मधल्या काळात टेंपल ग्रँडिन यांचे आत्मकथन १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. गुरांना आवळून धरणाऱ्या चौकटीवरून त्यांनी स्वतःसाठी दाबयंत्र बनविले होते. त्याच्या नियंत्रित दाबाने त्यांना शांतता लाभे. मानसतज्ज्ञांना मात्र त्यात विकृतीची शंका आली. येथेही शरीराची साक्ष बाजूस सारून तिच्यामागचा ‘खरा’ अर्थ शोधला गेला.

मराठीत हाच प्रमाद संज्ञेतच मुरला आहे. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. त्यावरून ‘स्वमग्नता’ हा शब्द घडविला गेला. पण ‘मग्न’ या शब्दाला तल्लीनतेची, सुखाची छटा आहे. कुकरच्या शिट्टीसरशी कान झाकून घराबाहेर धावणाऱ्या मुलाला स्वमग्न म्हणणे म्हणजे बाहेरचे जग ज्याच्यावर अनावरपणे आदळत आहे, त्याला त्या जगाचा पत्ताच नाही असे म्हणणे होय. मग त्याची तक्रार हट्ट ठरते आणि सवय लागावी म्हणून त्याला पुन्हा त्याच आवाजात बसविले जाते. कालांतराने ते कान झाकायचे सोडते. पीडा तशीच असते, पण प्रगतिपुस्तकात त्या गप्प बसण्याची नोंद ‘सुधारणा’ या रकान्यात होते.