क्रीडावास्तू आणि सार्वजनिक कला : रिचमंड ऑलिम्पिक ओव्हलचे एक आकलन

प्रस्तावना

क्रीडासंकुल ही मूलतः उपयुक्ततेची वास्तू होय. विस्तीर्ण छत, खांबविरहित मोकळी जागा, उजेड व हवा यांची सोय झाली की तिचे प्रयोजन पूर्ण झाले, असे मानले जाते. बांधकाम संपल्यावर प्रवेशद्वारापाशी एखादे शिल्प उभे राहते आणि कलेचा वाटा तेथेच संपतो. कॅनडातील रिचमंड येथील ऑलिम्पिक ओव्हल ही बंदिस्त क्रीडावास्तू या प्रथेला अपवाद ठरते.

वास्तू आणि कलाकृती

कॅनन डिझाइन या संस्थेने आराखडा केलेली ही वास्तू फ्रेझर नदीच्या काठी डिसेंबर २००८ मध्ये खुली झाली. २०१० च्या हिवाळी ऑलिम्पिकमधील वेगवान स्केटिंगच्या १२ स्पर्धा येथे झाल्या. सुमारे १०० मीटर रुंदीचे तिचे छत लाकडाच्या पट्ट्या चिकटवून घडविलेल्या कमानींवर पेललेले आहे. कमानींमधील लाटांसारख्या तक्तपोशीसाठी भुंगेऱ्यांनी पोखरून मारलेल्या पाइन वृक्षांचे लाकूड वापरले आहे.

या छतावरील पावसाचे पाणी नदीकडील काँक्रीटच्या आधारभिंतींवरून खाली उतरते. या भिंतींवरील पन्हळींची उठावशिल्पे मस्क्वियम या मूलनिवासी समाजातील शिल्पकार सुसान पॉइंट यांनी रचली. कोस्ट सेलिश शैलीतील या शिल्पांत बगळा व नदीचा प्रवाह यांच्या आकृती आहेत. पुढे हे पाणी एका तळ्यात साठते. त्या तळ्यावर जॅनेट एशेलमन यांची जाळ्यांची कलाकृती २००९ मध्ये साकारली. जाळे हे माध्यम एशेलमन यांना १९९७ मध्ये मामल्लपुरमच्या कोळ्यांकडे पाहून सुचले होते, हे येथे लक्षणीय आहे.

मूल्यमापन

पॉइंट यांच्या शिल्पाचे वैशिष्ट्य त्याच्या जागेत आहे. भिंत काढल्याखेरीज शिल्प काढता येत नाही आणि पाऊस पडल्याखेरीज त्याचा अर्थ पूर्णत्वास जात नाही. ऑलिम्पिकनंतर ४०० मीटरची बर्फाची धावपट्टी जाऊन तेथे लहान रिंक, चेंडूच्या खेळांची मैदाने व धावमार्ग आले. आतील प्रयोजन असे बदलले, तरी शिल्प कालबाह्य झाले नाही. कारण ते स्पर्धेशी बांधलेले नसून पाणी व नदी यांच्याशी बांधलेले होते.

तथापि एक आक्षेप उरतो. ही कला वास्तूच्या बाहेरच्या अंगास आहे; आत सराव करणाऱ्या खेळाडूच्या दृष्टीस ती पडत नाही. शिवाय ज्या समाजाच्या पूर्वापार भूमीवर वास्तू उभी आहे, त्याच्या प्रतिमा भिंतीवर कोरल्याने त्या समाजाला न्याय्य स्थान मिळतेच असे नाही. प्रतिमेचा गौरव आणि समाजाचा अधिकार या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने दुसरीची भरपाई होऊ शकत नाही.

निष्कर्ष

या मर्यादा मान्य करूनही ओव्हलचा धडा स्पष्ट आहे. कलावंताला उद्घाटनाच्या तयारीत बोलावले, तर शोभा मिळते. पाण्याचा निचरा ठरत असताना बोलावले, तर वास्तूला अर्थ मिळतो. म्हणूनच क्रीडासंकुलाच्या नियोजनात कलेसाठी किती निधी राखला, याइतकेच कलावंत कोणत्या टप्प्यावर सहभागी झाला, हेही तपासले जाणे आवश्यक आहे.