रॉबर्ट ॲडमच्या खोल्या : नक्षीच्या आधी काय?

मंडळी, आज आपल्याला एका घराच्या पाच खोल्यांतून फिरायचं आहे. घर लंडनच्या पश्चिमेला, थेम्सच्या काठी. नाव सायन हाऊस. मुंबईच्या सायनशी त्याचा काही संबंध नाही, बरं का. सोळाव्या शतकात एका मोडलेल्या ख्रिस्ती मठाच्या जागेवर ते उभं राहिलं, मधे अंगण आणि चारी बाजूंनी इमारत, म्हणजे आपल्या चौसोपी वाड्यासारखंच. १७६२ मध्ये नॉर्थम्बरलंडच्या अर्लने ते आतून नवं करायला रॉबर्ट ॲडमला बोलावलं. ॲडम तेव्हा चौतिशीतला. इटलीत राहून, रोमन अवशेष मोजून, डायोक्लेशियनच्या राजवाड्याची रेखाटनं करून परतलेला.

ॲडमचं नाव निघालं की लोक नाजूक नक्षीबद्दल बोलतात : फुलांच्या माळा, कलश, पंखे, सोनेरी वेलबुट्टी. हे सगळं आहेच. पण त्याला नुसता नक्षीवाला ठरवणं अन्यायाचं आहे, असं आमचं मत. सायन हाऊसमध्ये त्याच्या वाट्याला आल्या होत्या जुन्या, अडचणीच्या, मापात न बसणाऱ्या खोल्या. भिंती पाडून नव्याने बांधायची सोय नव्हती. त्यामुळे त्याची बुद्धी कुठे चालली ते इथे उघड दिसतं.

पहिलं मोठं दालन पाहा. जवळजवळ पांढरं, जमीन काळ्या-पांढऱ्या संगमरवराची, रंग असा नाहीच. शेजारच्या खोलीची जमीन याच्यापेक्षा उंच, म्हणजे पायऱ्या हव्यात. पायऱ्या नुसत्या टाकल्या असत्या तर दालन तिथे तुटलं असतं. त्याने त्या खांबांच्या ओळीमागे नेल्या आणि पुढे 'मरणोन्मुख गॉल' या प्रसिद्ध पुतळ्याची ब्राँझची प्रतिकृती ठेवली. पाहणाऱ्याची नजर पुतळ्यावर थांबते. पायऱ्या ही अडचण होती हे त्याला कळतसुद्धा नाही.

त्या पायऱ्या चढून आत गेलं की एकदम रंग! हिरवट संगमरवराचे बारा खांब, डोक्यावर सोन्याने मढवलेल्या मूर्ती, पायाखाली स्काल्योलाची, म्हणजे संगमरवरासारखी घोटलेली रंगीत जमीन. हे खांब टायबर नदीच्या पात्रात सापडले, अशी कथा सांगतात. ती बाजूला ठेवा. आम्हांला महत्त्वाची वाटते ती त्यांची जागा. खोली मुळात चौरस नाही, एक बाजू सुमारे ३६ फूट, दुसरी ३०. ॲडमने एका बाजूचे खांब भिंतीला न चिकटवता बरेच पुढे ओढले आणि डोळ्यांना चौरस मिळाला. मागे उरलेली पट्टी सावलीत गेली. म्हणजे काय, तर हे खांब श्रीमंतीचा देखावा करतात आणि खोलीचा दोषही झाकतात. त्यातला एक काढून बघा मनातल्या मनात. सगळी खोली वाकडी होईल.

जेवणघरात भिंतींवर ना रेशमी कापड, ना विणलेले पडदे. नुसता नक्षीचा गिलावा आणि कोनाड्यांतले पुतळे. १७७३ पासून ॲडमबंधूंनी आपल्या कामाचे जे ग्रंथ छापले, त्यात कारण दिलं आहे : कापडात जेवणाचा वास राहतो. इतकं साधं! शोभेचा विचार करताना वासाचाही विचार करणारा माणूस आम्हांला आवडतो.

बैठकीच्या लाल खोलीबद्दल मात्र फार बोलणार नाही. छतावर चिप्रियानीच्या चित्रांच्या दोनशेहून अधिक गोल चकत्या आहेत. चेंबर्स या त्याच्या प्रतिस्पर्ध्याने त्यांना जेवणाच्या ताटल्या म्हणून हिणवलं, असं सांगतात. चेंबर्सचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. गालिचा मात्र फार सुंदर. थॉमस मूरने विणलेला, त्यावर १७६९ साल आहे.

मग ती लांब गॅलरी. १३६ फूट लांब आणि रुंदी फक्त १४. ही खोली म्हणायची की बोळ? ॲडमने छतावर तिरक्या रेषांची जाळी टाकली, अशी की एकमेकींना छेदणाऱ्या त्या रेषा भिंतीच्या पलीकडे कुठेतरी जाताहेत असं वाटावं. नजर सरळ टोकापर्यंत धावत नाही, आडवी सरकत राहते. भिंतीवर चपटे खांब, पण त्यांचे गट पाडलेले, त्यामुळे लांबीचे तुकडे होतात. बोळ रुंद झाला नाही. पण तो बोळ आहे ही जाणीव गेली.

आता आपल्याकडचं बघू. साडेनऊ फुटांचं छत, त्याला प्लास्टर ऑफ पॅरिसची तीन थरांची किनार, मधे गुलाबाचं चक्र, दाराशी दोन खांब. कॅटलॉगमध्ये याला 'क्लासिकल' म्हणतात. हे खांब काय झाकतात? कुठली लांबी तोडतात? काहीच नाही. उलट छत आणखी खाली येतं. ज्यांनी हौसेने केलं त्यांना आम्ही हसत नाही, घराची हौस चांगलीच. पण डिझायनरने खोली मोजण्याआधी नक्षी निवडली असेल, तर पैसे घरमालकाचे जातात आणि खोलीही लहान होते.

आणि हा दोष खुद्द ॲडमलाही सुटला नाही. ऑस्टर्लीच्या एट्रुस्कन खोलीत त्याने भिंतीभर प्राचीन कुंभांवरची नक्षी पसरली. (ते कुंभ मुळात ग्रीकांचे, तेव्हा एट्रुस्कन समजले जात.) आधी त्याच घराचं तोंडभर कौतुक करणाऱ्या होरेस वॉलपोलने या खोलीपाशी नाक मुरडलं. आम्हीही तिथे फार रेंगाळणार नाही. रेषा सुरेख आहेत, पण त्यांना तिथे सोडवायला काही नव्हतं.

ॲडमच्या कार्यालयातली सुमारे ८ हजार रेखाटनं सर जॉन सोनने १८३३ मध्ये विकत घेतली. ती आजही लंडनला सोनच्या संग्रहालयात आहेत. पाहायला गेलात तर रंगीत पानांवर भाळण्याआधी साधे नकाशे मागा, ज्यांत खांब म्हणजे नुसते काळे ठिपके असतात.